भरताचे वांगे आणि काळा भुंगा

फराळाचे डबे अजून रिते झालेले नसतात, तोच खानदेशाला भरीत पार्ट्यांचे वेध लागतात. बामणोद-भालोदकडची वांगी बाजारात येतात, मळ्यात काटक्या पेटतात, कांद्याची पात चिरायला सारे घर बसते. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कौतुकात काळ्या भुंग्याची आठवण मात्र क्वचितच कोणाला होते.

वांग्याचे फूल जवळून पाहावे. जांभळ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळ्या परागकोशांचा शंकू असतो आणि पराग बाहेर पडतात ते कोशाच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रांतून. पिलांसाठी पराग गोळा करणारी भुंग्याची मादी या शंकूला घट्ट बिलगते आणि उडण्याचे स्नायू जोराने थरथरवते. घूंऽऽ असा आवाज होतो, पराग तिच्या पोटावर सांडतात. निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या माशीलाही ही कला साधते. मधमाशीला साधत नाही. वांगे स्वतःच्या परागावरही फळते, पण भुंगे फिरले की फळधारणा वाढते.

युरोपात टोमॅटोच्या काचगृहांत हेच काम आधी माणसे विजेच्या कांड्यांनी फुले हलवून करत. १९८०च्या दशकाअखेरीस तिथे पाळीव भुंगमाश्यांच्या पेट्या विकत मिळू लागल्या. खानदेशात ही सेवा फुकट मिळते, आणि म्हणूनच तिची किंमत कळत नाही. त्यात हा केळीचा मुलूख. केळीला फळ धरायला परागीभवन लागतच नाही.

महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ झाले, ही चांगलीच गोष्ट. परंतु मधमाश्यांच्या पेट्या आणून वांग्याचा प्रश्न सुटणार नाही. भुंगा राहतो वाळलेल्या बांबूत, जुन्या लाकडात. निळ्या पट्ट्यांची माशी बांधाच्या मातीत नाहीतर मातीच्या भिंतीत बीळ करते. बांध कोरले, धुरे जाळले, वाळकी फांदी सरपणाला गेली की या दोघांचे घर मोडते.

दुसरा घाव फवारणीचा. शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीपायी वांग्यावर वारंवार औषध मारले जाते. किडलेले शेंडे वेळीच खुडले आणि कामगंध सापळे लावले तर फवारे कमी करता येतात. पण सापळे एकट्याने लावून भागत नाही. शेजारच्या वावरातले पतंग येतातच. साऱ्या शिवाराने मिळून करायचे हे काम आहे. फवारणे अगदीच अटळ असेल, तर सकाळची वेळ फुलांवरच्या माश्यांसाठी सोडून संध्याकाळी फवारावे.

गाव असे एका विचाराने वागू शकते, याचा दाखला खानदेशातल्याच धुळे जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने स्वतःचे नियम करून उजाड जंगल पुन्हा उभे केले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ज्या जिल्ह्यात आख्खे जंगल राखले गेले, तिथे बांधाची हातभर पट्टी राखणे अवघड का व्हावे?

२००२च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतींनी जैवविविधता समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. यंदाच्या हिवाळ्यात तीत कोणत्या बांधात बिळे आहेत, कोणत्या गोठ्याच्या बांबूत भुंगे राहतात, आग्या मोहोळ कोणत्या झाडाला लागते, हे लिहिले जावे. गुराख्यांना आणि निंदणीला जाणाऱ्या बायांना हे ठाऊक असते. समितीने आधी त्यांनाच विचारावे.