पेटीतला मळा आणि पायाखालची जमीन

मालवाहतुकीच्या जुन्या कंटेनरमध्ये भाजीपाला पिकविण्याच्या प्रयोगाचे गेल्या पंधरा वर्षांत अमेरिकेत फार कौतुक झाले. चाळीस फूट लांब, आठ फूट रुंद पोलादी पेटी, तिच्यात मातीऐवजी पोषकद्रव्ये मिसळलेले पाणी, सूर्याऐवजी एलईडी दिवे, आणि बारा महिने कोवळी पालेभाजी! बोस्टनमध्ये २०१० साली स्थापन झालेल्या फ्रेट फार्म्स या कंपनीने अशा तयार पेट्या विकण्याचा व्यवसाय थाटला. २०१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, औषधांच्या एका जुन्या कारखान्याच्या वाहनतळावर दहा कंटेनरांचा मळा उभा राहिला. शहराची भूक शहरातच भागेल, असा डांगोरा पिटला गेला. पुढे ब्रुकलिनचा मळा चालविणाऱ्या कंपनीने २०२३ मध्ये आपला पसारा आवरता घेतला, आणि एप्रिल २०२५ मध्ये फ्रेट फार्म्सने दिवाळखोरी पत्करली.

यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. सूर्य फुकट देतो तो प्रकाश पेटीत विकत घ्यावा लागतो. ३२० चौरस फुटांसाठी दिवसाला शंभराहून अधिक युनिटे वीज जाळावयाची आणि त्यातून काढावयाचे काय, तर ज्यात पंच्याण्णव टक्के पाणीच असते असे लेट्यूस! धान्य आणि डाळी या हिशेबात बसतच नाहीत. अर्थात हा प्रयोग सर्वत्र निरर्थक आहे असे नव्हे. अलास्कातील कोट्झब्यू हे गाव उत्तरध्रुववृत्ताच्या पलीकडे आहे. तेथे ताजी भाजी विमानाने आणावी लागते. तेथील मूळ रहिवाशांच्या कंपनीने २०१६ साली कंटेनरमध्ये भाजी पिकविली, ती गरजेपोटी. जेथे ऊन मुबलक आहे आणि टंचाई आहे ती जमिनीची, तेथला प्रश्न निराळा आहे.

ही पेटी आली कोठून, हे पाहिले म्हणजे तो प्रश्न उलगडतो. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या ट्रकमालकाने नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या जहाजाने धाडल्या. सुटा माल चढविण्यास टनामागे जवळजवळ सहा डॉलर पडत, ते काम सोळा सेंटच्या आसपास होऊ लागले. ही बचत हमालांच्या पाठीवरून झाली. पुढच्या दोन-अडीच दशकांत न्यूयॉर्क आणि लंडनच्या जुन्या गोद्या ओस पडल्या. पेटीचे सारे सामर्थ्य एका गुणात आहे: ती कोठल्याच जागेची नसते. कंटेनर-मळ्याची जाहिरातही याच गुणावर होते. जागा रिकामी करावयाची झाली की क्रेनने उचलावा आणि ट्रकवर चढवावा. जमीनमालकाला याहून सोयीचे कूळ कोणते?

मातीत रुजलेल्या मळ्याचे काय होते, हे लॉस एंजेलिसने दाखविले आहे. अलमेडा रस्त्यालगतचा चौदा एकरांचा एक तुकडा नगरपालिकेने कचरा जाळण्याच्या प्रकल्पासाठी सक्तीने संपादन केला होता. वस्तीने लढून तो प्रकल्प हाणून पाडला. १९९२ च्या दंगलीनंतर, १९९४ पासून, ती जागा लागवडीसाठी मिळाली. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या सुमारे ३५० श्रमिक कुटुंबांनी तेथे मका, पेरू, निवडुंग पिकविले. याच रस्त्याच्या कडेने बंदरातील कंटेनर वाहून नेणारा खास लोहमार्ग २००२ साली सुरू झाला. २००३ मध्ये पालिकेने ती जमीन जुन्या मालकाला सुमारे पन्नास लाख डॉलरला परत विकली. त्याला तेथे गोदाम बांधावयाचे होते. १३ जून २००६ रोजी पोलिसांनी मळेकऱ्यांना बाहेर काढले आणि उभ्या पिकावर बुलडोझर फिरला. गोदामासाठी मोकळी केलेली ती जमीन नंतर कित्येक वर्षे ओसाड पडून राहिली.

या कथेतले काहीच महाराष्ट्राला अपरिचित नाही. न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, नवी मुंबई आणि या बंदरासाठी जाणाऱ्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणचा शेतकरी रस्त्यावर उतरला होता. जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्यांच्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व मान्य झाले. आज उरण तालुक्यात जेथे भाताची खाचरे होती, तेथे कंटेनरांच्या थप्प्या उभ्या आहेत. शेतावर कंटेनर आधी चढला. कंटेनरात शेत करण्याची कल्पना मागाहून आली.

म्हणून शहरी शेतीचा विषय पालिकेत निघेल तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी पेटीच्या किमतीवर वेळ दवडू नये. पालिकेच्या मालकीचे मोकळे भूखंड किती, ते कोणाच्या ताब्यात आहेत आणि कोणत्या भाड्याने, ही यादी प्रथम सभागृहात मागावी. त्यांतील काही भूखंड वस्तीतील महिलांच्या सहकारी संस्थांना निदान पंधरा वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने मिळावेत, आणि मुदतीपूर्वी जागा काढून घेतल्यास उभ्या पिकाची व झाडांची भरपाई देण्याचे कलम करारात असावे. पेरूच्या झाडाला फळ धरावयास दोन-तीन वर्षे लागतात. अकरा महिन्यांच्या करारावर ते कोणी लावीत नाही.