एक जाड कोट कीं वस्त्रांचे थर?

वाशीम जिल्ह्यांत राहणाऱ्या मनुष्याची थंडीशीं ओळख ती काय, पौषांतल्या पहाटे शेकोटीभोंवतीं काढलेल्या तासाभराची. त्यामुळें आपल्याकडील एखादा विद्यार्थी हिमालयांत गिर्यारोहणाच्या शिक्षणास निघाला, कीं घरचीं माणसें बाजारांत मिळेल तितका जाड कोट आणि आंतून घालावयास सुती गंजिफ्रॉक घेऊन देतात. त्यांचें प्रेम खरें. परंतु ही निवड चुकीची आहे, आणि बर्फांत ती जिवावर बेतूं शकते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

बर्फाच्या उभ्या भिंतीवर हिमकुऱ्हाडी मारीत चढणारा मनुष्य कडाक्याच्या थंडींतही घामाघूम होतो; आणि घटकाभरानें तोच, साथीदाराची दोरी धरून, एका जागीं निश्चल उभा राहतो. सुती वस्त्र घाम शोषून घेतें व लवकर वाळत नाहीं. पाणी तर हवेपेक्षां सुमारें पंचवीस पट अधिक वेगानें उष्णता वाहून नेतें. वरचा कोट कितीही जाड असो, आंतल्या ओल्या कापडानें अंग गारठतेंच. ज्या कापसावर आपल्या काळ्या जमिनीचा संसार चालतो, तोच घरीं ठेवून जा, असें सांगणें कृतघ्नपणाचें वाटेल. पण वैशाखांत अंग गार ठेवणें हा ज्याचा गुण, तोच हिमांत त्याचा दोष ठरतो, ह्यास आमचा इलाज नाहीं.

ह्यास्तव एका कोटावर सर्व भार न घालतां कामाची वांटणी करावी. अंगालगतचें पातळ वस्त्र बारीक लोकरीचें किंवा पॉलिएस्टरचें असावें. त्याचें काम घाम बाहेर सारण्याचें. त्यावर लोकरीचा स्वेटर अथवा फ्लीस. त्यांत कोंडलेली हवाच ऊब राखते. सर्वांत बाहेर वारा व हिम अडविणारें आवरण. शिवाय पिशवींत पिसांचा सैल कोट व हातमोज्यांची दुसरी कोरडी जोडी ठेवावी. आपल्या आजीबाई जुन्या लुगड्यांचे थर शिवून गोधडी करीत, त्यांतलें तत्त्व हेंच. मात्र गोधडीचे थर वेगळे करतां येत नाहींत; गिर्यारोहकास ते करतां आले पाहिजेत. घाम फुटण्यापूर्वीं एक थर काढावा आणि थांबतांच, हुडहुडी भरण्याची वाट न पाहतां, पिसांचा कोट चढवावा.

लोक हंसतील, ही भीति बाळगूं नये. १९२२ सालीं एव्हरेस्टच्या मोहिमेंत जॉर्ज फिंच ह्या रसायनशास्त्रज्ञानें फुग्याच्या कापडांत पिसें भरून कोट करविला, तेव्हां सोबत्यांनीं त्याची चेष्टा केली. पुढें वारा बोंचूं लागला, तेव्हां त्यांनाच त्याचा हेवा वाटला. आज त्याच जातीचे कोट घालून लोक एव्हरेस्ट चढतात.

उष्ण प्रदेशांतील मुलांना हें साधावयाचें नाहीं, असें कोणी म्हणेल. त्यास आमच्या विदर्भानेंच उत्तर दिलें आहे. २०१८ च्या मे महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांचे पांच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोंचले. चंद्रपूरचा उन्हाळा कसा असतो, हें वाचकांस सांगावयास नको! त्या मुलांच्या पाठीशीं सरकारनें शिक्षण व साहित्य दोन्ही उभें केलें होतें, हें मात्र विसरूं नये.

म्हणून आमची सूचना अशी आहे. पालकांनीं पहिला पैसा दिखाऊ कोटावर नव्हे, अंगालगतच्या वस्त्रावर खर्चावा. आणि ज्या शाळा मुलांस हिमालयांत पाठवितात, त्यांनीं अशा वस्त्रांचे कांहीं संच आपल्या साठ्यांत ठेवून ते आळीपाळीनें द्यावेत. वाढत्या मुलास आजचें वस्त्र पुढल्या वर्षीं आंखूड होतें. तें त्याच्याहून लहान मुलाच्या उपयोगीं पडेल. पर्वत श्रीमंत-गरीब पाहत नाहीं. मग गरिबाच्या मुलानेंच ओल्या सुती कपड्यांत कुडकुडत कां उभें राहावें?