व्यासांची अट

वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी छापून येतं ते भरलेल्या चौकटीच्या रूपात. काडेपेटीएवढी जाळी, मुंगीएवढी अक्षरं, बहुधा पानाच्या तळाशी. साध्या शब्दकोड्याला तेवढं पुरतं. 'एक पक्षी, तीन अक्षरी' असं विचारल्यावर बगळा निघाला काय नि पोपट निघाला काय, त्यात समजावून सांगण्यासारखं काही नसतंच. उभ्या शब्दांनी साथ दिली की पक्षी आपोआप पिंजऱ्यात येतो. पण इंग्रजी दैनिकांत जे 'क्रिप्टिक', म्हणजे शब्दांच्या चकव्यांनी रचलेलं, कोडं येतं, त्याचं उत्तरही बऱ्याचदा असंच नुसतं चौकटीत टाकून दिलं जातं. आमची तक्रार आहे ती या पद्धतीबद्दल.

का, ते सांगायला उदाहरण आपल्याच भाषेतलं घेऊ. 'नेहमी उलटं वागणारा चाकर (२)', म्हणजे उत्तर दोन अक्षरी. वाचताक्षणी डोळ्यांपुढे एक आडमुठा गडी येतो. चहा सांगितला तर सरबत आणणारा. त्या गड्याला बाजूला सारता आलं तरच पुढची वाट दिसते. 'नेहमी' म्हणजे सदा. 'सदा' उलटा वाचा: दास. आणि दास म्हणजे चाकर. शेवटच्या शब्दाने सरळ अर्थ सांगितला, आधीच्या शब्दांनी अक्षरं पुरवली, आणि तो गडी निव्वळ चकवायला उभा केलेला होता. आता दुसऱ्या दिवशी चौकटीत फक्त 'दास' छापलं, तर वाचकाच्या पदरात काय पडलं? चाकराला दास म्हणतात हे त्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्याला हवा होता तो 'सदा', आणि तोच गाळला गेला. विनोद सांगून झाल्यावर 'यात हसायचं कुठे होतं' असं विचारणाऱ्याला नुसता शेवटचा शब्द पुन्हा ऐकवावा, तसलाच हा प्रकार.

ज्यांनी हा खेळ वाढवला, त्यांना उलगड्याचं मोल नीट माहीत होतं. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६पासून 'टॉर्केमाडा' या नावाने एडवर्ड पॉइस मॅथर्स कोडी रचत. हे नाव स्पेनमधल्या धर्मछळाच्या मुख्य न्यायाधीशाचं. त्यावरून सोडवणाऱ्यांच्या हालांची कल्पना यावी. १९३९मध्ये ते वारल्यावर डी. एस. मॅकनट हे शिक्षक पुढे आले. शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणाऱ्या या गृहस्थांनी टोपणनाव घेतलं तेही तशाच एका न्यायाधीशाचं, 'झिमेनीज'. पण छळालाही नियम हवेत असा त्यांचा आग्रह होता. क्लूमध्ये, म्हणजे कोड्यातल्या सूचक ओळीत, उत्तराची नेमकी व्याख्या हवी, अक्षरांकडे नेणारी प्रामाणिक खूण हवी आणि त्याखेरीज एकही फालतू शब्द नको, असं त्यांच्या शिकवणीचं सार सांगितलं जातं. १९६६मध्ये त्यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याआधी, १९४९मध्ये, 'आफ्रिट' या रचनाकाराने हीच गोष्ट वेगळ्या अंगाने मांडली होती: वाक्य वरवर जे सांगतं ते रचणाऱ्याच्या मनात नसलं तरी चालेल, पण त्याच्या मनात जे आहे ते त्याच वाक्यात शब्दशः असलं पाहिजे. वकिलांनी हे वाक्य चौकटीत घालून भिंतीवर लावायला हरकत नाही.

झिमेनीज वाचकांना एखादा शब्द देत आणि त्याचा क्लू तुम्हीच रचा म्हणत. स्पर्धा झाली की भाग घेणाऱ्यांना एक छापील पत्रक जाई. कुणाचा क्लू सरस, कुणाचा का फसला, कुठला शब्द उगाच भरतीचा, याची त्यात चर्चा असे. ऑब्झर्व्हरमध्ये त्यांच्या जागी १९७२पासून आलेल्या 'एझेड' यांनीही ही पत्रकं चालू ठेवली. (डेझा नावाच्या आणखी एका धर्मन्यायाधीशाचं नाव उलटं वाचलं की एझेड होतं. परंपरा म्हणतात ती ही!) म्हणजे क्लू रचणारा आणि तो सोडवणारा, दोघंही शहाणे झाले ते उलगड्यावरच्या भांडणातून. चौकट हे नुसतं निमित्त.

इंग्रजीत एक जुना, बहुतेकांना माहीत असलेला क्लू आहे. त्यात अर्थ असा नाहीच, फक्त ओळीने आठ मुळाक्षरं: एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ. उत्तर पाच अक्षरी. ते निघतं 'वॉटर', कारण ही अक्षरं एचपासून ओपर्यंत आहेत, 'एच टू ओ'! उत्तर हाती आलेला माणूस गप्प बसेल. कारण कळलेला शेजाऱ्याला हाक मारील.

आता तर फोनवर माहीत असलेली अक्षरं टाकली की जुळणाऱ्या शब्दांची यादी येते. यंत्राला विचारलं तर ते बरोबर शब्दही देतं, पण 'कशावरून' असं विचारलं की कित्येकदा आत्मविश्वासाने थाप ठोकून देतं. चौकट भरण्याची किंमत शून्यावर आली आहे. आता किंमत उरली आहे ती 'कशावरून'ला.

आपल्याकडे हा न्याय फार जुन्या एका गोष्टीत सांगून ठेवलेला आहे. महाभारत लिहून घ्यायला व्यासांनी गणपतीला बोलावलं. लेखणी थांबता कामा नये, अशी गणपतीची अट. व्यासांनी उलटी अट घातली: अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. मग दम खायला हवा असला की व्यास एखादा कूटश्लोक टाकत आणि गणपती विचारात पडे. असे ८,८०० श्लोक असल्याचं कथा सांगते. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने ही कथा मूळ संहितेत धरलेली नाही, ते सोडा. पेन उघडून बसलेल्या प्रत्येक कोडेबाजाला ती लागू आहे.

असा वारसा असताना मराठी शब्दकोडं 'एक पक्षी'वर अडून का बसावं? भाषा तोकडी म्हणावी तर मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण लिहून दाखवलं आहे. ओठांना ओठ लागेल असं अक्षर नको, म्हणजे रामायण लिहायचं आणि 'राम' लिहायचा नाही! एक अडचण मात्र खरी. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, कशीही पिसावीत. आपल्या चौकटीत अक्षर येतं ते काना-मात्रा-वेलांटीसकट, त्यामुळे अक्षरांची घुसळण करायला वाव कमी. 'कमल विस्कटलं, हाती लेखणी (३)' याचं 'कलम' होतं, पण असे शब्द मोजकेच. उलटापालटीला मात्र मराठी फार सोयीची आहे. 'नदी उलटली, उरला तो गरीब (२)' यात पुराची बातमी दिसते आणि उत्तर निघतं 'दीन', वेलांटीसुद्धा जागच्या जागी. 'साराला ग-ची बाधा, झाला समुद्र (३)' हा मात्र वादाचा क्लू आहे. सारात ग शिरला की सागर होतो हे खरं, पण बाधा होणं म्हणजे आत शिरणं का? भूत बाधतं ते अंगात शिरूनच, असं आम्ही म्हणू. झिमेनीज बहुधा गुण कापतील. असं भांडण पुरवणीत रंगायला चार ओळींची जागा पुरते, आणि तेवढी जागा राशिभविष्याच्या शेजारी निघू शकते.

परवा घरी भाचीला एक क्लू घातला: 'मिसळीबरोबर घेतला, देवाला विनवलं, तरी चौथाईच (२)'. पोरीने मिसळ ऐकल्याबरोबर 'पाव' म्हणून टाकलं आणि फोनकडे वळली. तिला बसवून ठेवलं. देवाला 'पाव रे बाबा' म्हणतात, हे तिच्या आजीनेच स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं. आजीला बाद करावं लागलं. चौथाई राहिलीच होती. ती सापडली संध्याकाळी, वाण्याच्या दुकानात पाव किलो रवा मागताना. पिशवी तिथेच टाकून भाची धावत परत आली.