पोलिसांचं एआय नेमकं शिकतं कशावरून?

इन्स्टाग्रामवर तुम्ही मिसळीचं एक रील शेवटपर्यंत बघता. दुसऱ्या दिवशी फीडमध्ये चार मिसळी हजर. त्यातल्या दोन बघितल्या, की आठवडाभर दुसरं काही दिसतच नाही. अल्गोरिदमला वाटतं, या माणसाला फक्त मिसळच आवडते. खरं तर त्याने दुसरं काही दाखवलेलंच नसतं.

रीलपुरतं हे ठीक आहे, फार तर भूक लागेल. पण हाच हिशोब पोलिसांच्या कामात आला तर? हा प्रश्न आता हवेतला राहिलेला नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पोलिसांसाठी एआय साधनं तयार करायला 'मार्व्हल' नावाची कंपनी स्थापन केली. गुन्ह्यांचा आधीच अंदाज घेणं हेही तिचं एक उद्दिष्ट सांगितलं गेलं. मला त्यात एकच गोष्ट विचारावीशी वाटते: अंदाज बांधणारं यंत्र शिकणार कशावरून?

गुन्हा वेगळा, नोंद वेगळी

पटकन सुचणारं उत्तर म्हणजे 'गुन्ह्यांच्या डेटावरून'. पण असा डेटा कुणाकडेच नसतो. असतात त्या पोलिसांनी केलेल्या नोंदी. या दोन गोष्टींत बराच फरक आहे. बंगल्यात होणारी मारहाण दाराआड राहते. मोबाइल चोरीला गेला तरी 'कोण चकरा मारणार' म्हणून कितीतरी लोक पोलीस स्टेशनची पायरी चढत नाहीत. याउलट ज्या वस्तीत रोज गाडी फिरते, तिथे कोपऱ्यावर उभी असलेली पोरंही नोंदीत येतात.

याचा नीट अभ्यास झालाय. २०१६ मध्ये क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या ओकलंड शहराच्या अमली पदार्थांच्या पोलीस नोंदी घेतल्या. गस्त कुठे घालावी हे सांगणारा 'प्रेडपोल'चा अल्गोरिदम त्यावर चालवून बघितला. दुसऱ्या बाजूला, नशा प्रत्यक्षात किती लोक करतात याचा अंदाज त्यांनी आरोग्य सर्वेक्षणावरून काढला. त्या अंदाजात नशा शहरभर पसरलेली होती. पोलिसांच्या नोंदी मात्र मोजक्याच, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि गरीब वस्त्यांत गोळा झाल्या होत्या. अल्गोरिदमने गस्तीची गाडी पुन्हा तिथेच पाठवली. गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीय लोकांवर त्याचा रोख सुमारे दुप्पट होता, आणि नशेचं प्रमाण तर दोन्हींकडे साधारण सारखंच होतं.

गंमत म्हणजे या अल्गोरिदमला कुणाचाही वर्ण सांगितलेला नव्हता. फक्त गुन्ह्याचा प्रकार, ठिकाण आणि वेळ. पत्त्याने बाकीचं काम केलं. पुढचं चक्र तुम्हाला मिसळीवरून माहीत आहेच: गाडी जिथे जाते तिथे नोंदी वाढतात, आणि नोंदी वाढल्या की गाडी परत तिथेच.

नोंद कोण करतंय?

'सायन्स' या नियतकालिकात २०२१ मध्ये शिकागो पोलिसांवरचा एक मोठा अभ्यास आला. एकाच भागात, एकाच प्रकारच्या ड्युटीवर असलेल्या अधिकाऱ्यांची त्यात तुलना होती. कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांनी गोऱ्या अधिकाऱ्यांपेक्षा लोकांना थांबवून चौकशी करण्याचं प्रमाण सुमारे २९ टक्क्यांनी कमी होतं, अटकाही कमी होत्या. हा फरक मुख्यतः किरकोळ प्रकरणांतला होता. हिंसक गुन्ह्यांत तो फार कमी होता. महिला अधिकाऱ्यांनी बळाचा वापरही कमी केला.

म्हणजे रस्ता तोच, माणसं तीच, वर्दी तीच. वर्दीतला माणूस बदलला की नोंद बदलली. मग त्या नोंदीला आपण 'निव्वळ डेटा' म्हणायचं कसं?

आपल्याकडची जुनी फाइल

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं, असं वाटू शकतं. पण आपली नोंदवही त्याहून जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. पुढे त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं. सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या. पण गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचं, ही सवय कायद्याबरोबर गेली नाही.

'कॉमन कॉज' आणि 'सीएसडीएस' यांनी २०१९ च्या अहवालासाठी देशभरातल्या सुमारे १२ हजार पोलिसांशी बोलून घेतलं. मुस्लिम समाज मुळातच गुन्हेगारीकडे झुकलेला असतो, असं कमी-अधिक प्रमाणात मानणारे त्यात जवळपास निम्मे निघाले.

सुप्रीम कोर्टालाही यात लक्ष घालावं लागलंय. मे २०२४ मध्ये हिस्ट्रीशीटबद्दलच्या एका प्रकरणात कोर्टाने राज्यांना बजावलं, की केवळ मागास किंवा गरीब समाजातला आहे म्हणून निरपराध माणसाचं नाव त्यात यांत्रिकपणे चढता कामा नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असंही बजावलं.

रकाना काढला हे चांगलंच झालं. पण ओकलंडमध्ये तर रकाना नव्हताच ना! आडनाव, वस्ती, पिनकोड यांतून यंत्र तेच ओळखतं.

कागदी रजिस्टर निदान एका पोलीस स्टेशनच्या कपाटात पडून राहायचं. आता पोलीस स्टेशनं सीसीटीएनएस या नेटवर्कने जोडलेली आहेत. २०२२ च्या ओळखविषयक कायद्यानुसार बोटांचे ठसे, फोटो, बुबुळांचं स्कॅन अशी मापं ७५ वर्षं ठेवता येतात. विसाव्या वर्षी संशयावरून उचललेल्या पोराची फाइल त्याच्या नातवाच्या लग्नापर्यंत जिवंत राहू शकते. खटला न चालता सुटला किंवा निर्दोष ठरला तर नोंद काढायची तरतूद आहे, पण त्यासाठी सगळी कोर्टकचेरी आटपावी लागते.

मग एआय नकोच का?

मी असं म्हणत नाही. सायबर फसवणुकीत पैसे दहा खात्यांतून फिरवले जातात. त्यांचा माग काढायला यंत्र हवंच. तिथे घडलेल्या गुन्ह्याचा पुरावा शोधायचा असतो. न घडलेल्या गुन्ह्यासाठी माणूस शोधणं हे वेगळं काम आहे, आणि माझी हरकत तिथे आहे.

म्हणून 'पोलिसांकडे आता एआय' अशी बातमी शेअर करण्याआधी तीन प्रश्न विचारा. ते कोणत्या नोंदींवर शिकलंय? पोलीस खात्याबाहेरच्या कुणी ते तपासलंय का? आणि चुकीचं नाव आलं तर दाद कुणाकडे मागायची? हे तुम्ही माहिती अधिकारात अर्ज करून विचारू शकता. अर्ज ऑनलाइन होतो, फी दहा रुपये.

उत्तर 'सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही' असं आलं, तर तेही जपून ठेवा. ज्या यंत्राचा हिशोब कुणाला दाखवता येत नाही, त्याच्या शब्दावर कुणाच्या दारात गाडी उभी राहू नये, एवढं तरी आपण मागू शकतो.