पंधरा ते अठरा वर्षांची मुलं कोणत्या रजिस्टरात?



ग्रामपंचायतीचा विकास आराखडा करायची वेळ आली की "यंदा युवकांसाठी काय घ्यायचं?" हा प्रश्न निघतोच. उत्तरही बहुतेक गावांत ठरलेलं असतं. व्यायामाचं साहित्य, क्रिकेटचे सामने, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, कधी मुलींसाठी शिवणवर्ग. यातलं काहीच वाईट नाही. पण हे ठरवताना गावात पंधरा ते अठरा वर्षांची मुलं-मुली किती आहेत, ती दिवसभर कुठे असतात, त्यांना अडचण कशाची आहे, हे कोणी विचारलेलं नसतं. माझं म्हणणं सरळ आहे. आधी गावातली मुलं मोजा, मग कार्यक्रम ठरवा. आणि मोजणीची सुरुवात अशा मुलांपासून करा, जी आज कोणत्याच यादीत नाहीत.

माहिती भरपूर, पण मधे खड्डा

माहिती कमी आहे असं कोणी म्हणणार नाही. आपण शिक्षक सरल आणि यू-डायस प्लस भरून थकतो. अंगणवाडीताई पोषण ट्रॅकरवर वजन-उंची नोंदवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतं. आशाताईंची वही वेगळी, ग्रामसेवकांची वेगळी. ही सगळी माहिती तालुक्याला जाते, तिथून जिल्ह्याला, पुढे राज्याला. गावात ती क्वचितच परत येते.

वर गेल्यावर तिची सरासरी होते. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार ५०७ होती, दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या आणि साक्षरता ८५ टक्क्यांच्या आसपास होती. आकडे चांगले आहेत, अभिमान वाटावा असे आहेत. पण गोंदिया शहरातला एखादा वॉर्ड आणि सालेकसा किंवा देवरी तालुक्यातला जंगलकाठचा टोला, या दोघांची सरासरी काढून त्या टोल्यावरच्या मुलीसाठी काय करायचं ते कळत नाही.

याहून मोठी अडचण वयाची आहे. सहा वर्षांपर्यंत मूल अंगणवाडीच्या यादीत असतं. सहा ते चौदा शिक्षण हक्क कायदा २००९ मुळे ते शाळेच्या जबाबदारीत येतं. त्यापुढे ते हायस्कूलला गेलं तर तिथल्या हजेरीत दिसतं. नाही गेलं तर? बाल न्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत ते बालकच आहे. पण नववीत किंवा दहावी नापास होऊन घरी बसलेलं मूल आपल्याकडे रोज कोणाच्याच रजिस्टरात नसतं.

मुलींच्या बाबतीत हा खड्डा आणखी खोल आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या सबला योजनेत ११ ते १८ वर्षांच्या मुली होत्या, प्रत्येकीचं किशोरी कार्ड होतं, आणि गोंदिया जिल्हा त्या योजनेत होता. नंतर तिच्या जागी आलेली योजना ११ ते १४ वयाच्या शाळाबाह्य मुलींपुरती राहिली. पुढे १४ ते १८ वय पुन्हा घेतलं गेलं, पण ईशान्येकडची राज्यं आणि आकांक्षित जिल्हे एवढ्यांसाठीच. महाराष्ट्रात असे जिल्हे चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. आपला गोंदिया त्यात नाही. म्हणजे अर्जुनी मोरगाव तालुक्यातली सोळा वर्षांची, शाळा सुटलेली मुलगी योजनेबाहेर, आणि हद्दीपलीकडच्या गडचिरोलीतली तिच्याच वयाची मुलगी योजनेत.

कधी मोजता, त्यावर आकडा ठरतो

४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. ते ६ ते १४ वयाचं होतं. २०२२ च्या 'मिशन झिरो ड्रॉपआउट'मध्ये ३ ते १८ वय घेतलं, ही मोठी सुधारणा. पण दोन्ही वेळा महिना जुलैच होता. आपल्या धानाच्या जिल्ह्यात जुलै म्हणजे रोवणी. बाहेर कामाला गेलेली कुटुंबं तेव्हा गावात परतलेली असतात. वर्षात गाव सगळ्यात भरलेलं असतं ते याच दिवसांत. धान कापून चुरणं झालं की पांगापांग सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदुपत्ता. जुलैत "गावात आहे" अशी नोंद झालेला मुलगा फेब्रुवारीत कुठे असतो, हे जुलैचा आकडा सांगूच शकत नाही. म्हणून मोजणी दोनदा हवी. एकदा रोवणी आटोपल्यावर ऑगस्टच्या शेवटी आणि एकदा फेब्रुवारीत.

मोजल्यावर काय होतं?

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. बायका बोलत नव्हत्या, म्हणून त्रास नाही असं सगळे धरून चालले होते. पुढे याच कामातून किशोरवयीन मुला-मुलींसाठी 'तारुण्यभान' शिबिरं उभी राहिली. आधी गावात जाऊन विचारलं, मग मुलांना काय शिकवायचं ते ठरलं.

दूरचं उदाहरण आइसलँडचं. अख्ख्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत, आपला जिल्हा त्याच्या तिपटीहून मोठा. तिथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी मुलांना नाव न लिहिता प्रश्न विचारले, उत्तरं काही आठवड्यांत त्या त्या शाळेला आणि नगरपालिकेला परत दिली, आणि शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत खेळ-संगीताची सोय व आईवडिलांचा सहभाग वाढवला. त्यांच्याकडे पैसा होता, आपल्याकडे तेवढा नाही, हे मान्य. पण उत्तरं त्याच शाळेला परत द्यायला पैसा लागत नाही.

आपण काय करू शकतो?

पहिलं, शाळेचं जनरल रजिस्टर काढा. मागच्या पाच वर्षांत आपल्या शाळेतून दाखला घेऊन गेलेल्या मुलांची यादी त्यातच आहे, जन्मतारखेसह. अंगणवाडीताई, आशाताई, ग्रामसेवक आणि व्यवस्थापन समितीतले दोन-चार पालक सोबत घेऊन बसा. प्रत्येक नावापुढे एवढंच लिहा: शिकतो का, कुठे, काम करतो का, कुठे, वर्षातले किती महिने गावाबाहेर असतो. लहान गावात दोन तासांचं काम आहे.

दुसरं, मुलांनाच विचारा. नाव न लिहिता, चिठ्ठी घडी करून डब्यात टाकायची. नाव लिहायला लावून "खर्रा खातोस का?" विचाराल तर शंभर टक्के मुलं 'नाही' म्हणतील. प्रश्न चार-पाचच ठेवा. संध्याकाळी कुठे असतोस? कुठे जायला भीती वाटते? शाळा सुटली तर कशामुळे? अडचण आली तर कोणाला सांगतेस? गावात काय असावंसं वाटतं? घरी गोंडी, हलबी किंवा पोवारी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्याच भाषेत समजावून सांगणारं कोणीतरी सोबत असू द्या.

तिसरं, बेरीज गावासमोर ठेवा, नावं नाही. सिकलसेल कोणाला आहे, कोणाच्या घरी दारू आहे, कोणत्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, हे ग्रामसभेत वाचायचं नसतं. लहान गावात "एक मुलगी, वय सोळा" एवढं म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. लग्नाची शंका असेल तर ती ग्रामसेवकांकडे आणि ग्राम बाल संरक्षण समितीकडे वेगळी द्या. खेड्यात बालविवाह रोखण्याचे अधिकारी ग्रामसेवकच आहेत.

हे केल्यावर कार्यक्रम कसा बदलतो ते पहा. समजा एका गावात १५ ते १८ वयाची चाळीस मुलं-मुली निघाली. त्यातली नऊ कुठेच शिकत नाहीत आणि नवांपैकी सहा मुली आहेत. चिठ्ठ्यांतून कळलं की हायस्कूलहून परतायला उशिरा बस नाही आणि अंधारात रस्त्याने चालायची भीती वाटते. मग त्या गावाला आधी व्यायामाचं साहित्य हवं, की मानव विकासच्या निळ्या बसची वेळ बदलून घेण्याचा ठराव आणि त्या नऊ जणांचे १७ नंबरचे फॉर्म? मैदानी स्पर्धा घ्यायच्या असतील तर सिकलसेलची मुलं लक्षात ठेवून पाण्याची, विश्रांतीची सोय करा. उन्हात धावून अंगातलं पाणी कमी झालं की त्यांचं दुखणं उसळू शकतं. नाहीतर तुमचा 'सर्व युवकांसाठी' कार्यक्रम त्यांना आपोआप वगळतो.

पैशाचंही बघा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. पंचायतींच्या नऊ विकास संकल्पनांमध्ये 'बालस्नेही गाव' ही एक आहे. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. त्यामुळे ऑगस्टची मोजणी सप्टेंबरअखेर एका पानावर तयार असली तर ती वेळेत पोचते. शाळा व्यवस्थापन समितीत तर कायद्यानेच तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. हे पान त्या समितीने मांडलं तर "गुरुजींचं काहीतरी" म्हणून कोणी बाजूला सारणार नाही.

"आणखी एक माहिती?"

हा प्रश्न येणारच, आणि तो चुकीचा नाही. शिकवायचा वेळ माहिती भरण्यात जातो हे आपलं रोजचं दुःख आहे. म्हणूनच हे पान ऑनलाइन भरायचं नाही, वर पाठवायचं नाही, त्याचे गुण कोणी देणार नाही. ते गावासाठी आहे आणि गावातच राहील. ज्या दिवशी त्याचं पोर्टल होईल, त्या दिवशी मुलं खरं सांगणं बंद करतील आणि आपण आकडे गोड करू लागू. दुसरी भीती अशी की मोजून काही केलंच नाही तर मुलांचा विश्वास उडेल. ती खरी आहे. म्हणून दहा प्रश्न हाती घेऊ नका, एकच घ्या, आणि फेब्रुवारीच्या मोजणीत तो किती सुटला ते त्याच मुलांना सांगा.

पालकांना एकच विनंती. ऑगस्टमध्ये शाळेतून बोलावणं आलं तर या, आणि येताना शेजारच्या घरातल्या, शाळा सुटलेल्या मुला-मुलीचं नाव आठवून या. आमच्या रजिस्टरात ते कदाचित नसेल, तुमच्या आठवणीत मात्र नक्की असेल.