तक्त्यावर न मावणारी दृष्टी

आमच्या अंगणातले जास्वंदीचे फूल उजवा डोळा झाकून पाहिले असता ऐन लाल दिसते आणि डावा झाकून पाहिले असता तेच फूल बरेच दिवस उन्हात वाळत पडलेल्या लुगड्यासारखे विटके भासते, ही गोष्ट प्रथम ज्या दिवशी माझ्या ध्यानात आली त्या दिवशी मी तो दोष डोळ्याचा न समजता फुलाचाच समजलो होतो. पुढे चार दिवसांत डोळा हलवताच त्याच्या मागे कळ येऊ लागली, समोरच्या माणसाचा चेहरा नेमका मधोमध पुसल्यासारखा होऊ लागला, आणि डॉक्टरांनी डोळ्याचा तळ तपासला तेव्हा त्यांना तेथे काहीच वावगे आढळले नाही. अशा प्रसंगी रोग्यालाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही, अशी नेत्रवैद्यांमध्ये एक जुनी थट्टा प्रचलित आहे. ती थट्टा असली तरी शास्त्राला धरून आहे, कारण सूज डोळ्यात नसून पुष्कळदा त्याच्या पाठीमागील मज्जातंतूत असते.

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीचा हा अनेकदा पहिलाच सांगावा असतो. शरीराची संरक्षक व्यवस्था आपपरभाव विसरून मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टीचे मज्जातंतू यांवरील मायलिनचे वेष्टन कुरतडू लागते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को याने १८६८ साली या व्याधीचे सुसंगत वर्णन केले. परंतु त्यापूर्वी सेहेचाळीस वर्षे, १८२२ च्या डिसेंबरात, इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू ऑगस्टस देस्ते हा स्कॉटलंडमध्ये एका जिवलगाच्या अंत्यविधीला उपस्थित राहिला असता लवकरच त्याची दृष्टी इतकी मंदावली की आलेली पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली, आणि पुढे काहीही उपचार न होता ती पूर्ववत झाली, अशी नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. या ‘पूर्ववत’ शब्दापाशी मी नेहमी थबकतो. माझीही दृष्टी दोन-तीन महिन्यांत परतली, शिरेवाटे दिलेल्या स्टेरॉइडने ती थोडी लवकर परतली असेल इतकेच, आणि घरच्यांनी पेढे वाटले.

परतले ते अक्षर. रंग परतला नाही, आणि राखाडीतून राखाडी वेगळा काढण्याची शक्तीही परतली नाही. पांढऱ्यावरचे काळे मी आजही वाचतो, पण संधिप्रकाशात सिमेंटच्या जिन्याची शेवटची पायरी मला जमिनीत विरघळलेली दिसते आणि स्टीलच्या ताटातले मीठ हाताने चाचपावे लागते. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक सरळ डावी-उजवीकडे न जाता लंबवर्तुळात फिरताना दिसतो. एका डोळ्याचा निरोप मेंदूपर्यंत उशिरा पोहोचला की असे घडते, याचे विवरण कार्ल पुल्फ्रिश या जर्मन शास्त्रज्ञाने १९२२ साली प्रसिद्ध केले. दैवदुर्विलास असा की तो स्वतः एका डोळ्याने अंध असल्यामुळे तो आभास त्याला कधी पाहता आला नाही. घड्याळाच्या बाबतीत हे मनोरंजकच आहे, परंतु रस्ता ओलांडताना आडव्या जाणाऱ्या स्कूटरचे अंतर जेव्हा असेच फसवते तेव्हा त्यातली मौज संपते.

याहून विलक्षण मामला उष्णतेचा. अंग किंचित तापले, मग ते तापाने असो, कढत पाण्याच्या स्नानाने असो वा भरभर चालण्याने, की उघड्या पडलेल्या तंतूंतून संदेश नीट वाहत नाही आणि दृष्टीवर धुके उतरते. अंग निवले की ते ओसरते. विल्हेल्म उथॉफ या नेत्रवैद्याने १८९० साली हे लक्षण नोंदले. या व्याधीचा जागतिक दिवस ३० मे रोजी पाळतात. तो ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे विदर्भ नसावा.

आता सरकारदरबारची गोष्ट. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी एकवीस प्रकार मान्य केले आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा नामनिर्देश केला, हे ऋण मी मान्य करतो. मात्र त्याच कायद्याच्या परिशिष्टात क्षीणदृष्टीची जी व्याख्या आहे ती चांगल्या डोळ्याची, सर्वोत्तम चष्म्यासह, ६/१८ ते ३/६० ही अक्षरे वाचण्याची क्षमता किंवा दृष्टिक्षेत्राचा संकोच एवढ्याच मापांनी बांधलेली आहे. रंग, छटांतील भेद, एकाचे दोन दिसणे, दुपारी दिसेनासे होणे, यांना तीत जागा नाही. हे माप ज्या तक्त्याचे, तो उट्रेख्टच्या स्नेलेन याने १८६२ साली सिद्ध केला. गेल्या चैत्रात मी दाखल्यासाठी एका दफ्तरी हजर झालो तेव्हा वातानुकूलित खोलीत अर्धा तास बसवून, नंतर गार पाणी देऊन, मला तो तक्ता दाखवण्यात आला, आणि मी शेवटची ओळ वाचली. “काका, तुम्हाला तर आमच्यापेक्षा चांगलं दिसतं,” असे तेथील तरुण डॉक्टर कौतुकाने म्हणाले व शेरा लिहिते झाले. मी बाहेर पडून दहा मिनिटे उन्हातून चाललो, तो बसचा क्रमांक मला शेजारच्या कॉलेजकुमाराला विचारावा लागला, आणि त्याने माझ्याकडे जरा रोखून पाहत, “समोरच लिहिलंय की,” असे उत्तर दिले.

सोंगे करून दाखले मिळवणारे लोक आहेत, म्हणून मोजदाद काटेकोर हवी, हा आक्षेप मला मान्य आहे. माझी फिर्याद मोजण्याविरुद्ध नसून अपुऱ्या मोजण्याविरुद्ध आहे. उत्तरोत्तर फिकट होत जाणाऱ्या अक्षरांचा पेली व रॉबसन यांचा तक्ता १९८८ पासून उपलब्ध आहे. डोक्याला तारा जोडून काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट दाखवला असता मेंदूचा प्रतिसाद साधारण शंभर मिलिसेकंदांनी उमटतो, आणि वेष्टन झिजलेल्या तंतूत तो लांबतो. येथे सोंग वठवणे तक्त्यापुढे ‘दिसत नाही’ म्हणण्याइतके सोपे नाही. अशा चाचण्यांचा निष्कर्ष अर्जासोबत विचारात घ्यावा आणि तपासणी विश्रांतीनंतर एकदा व श्रमानंतर एकदा करावी, एवढी तरतूद एखाद्या परिपत्रकानेही होऊ शकेल असे मला वाटते.

फेरतपासणीची तारीख मला मिळाली आहे. वेळ सकाळी दहाची होती. ती बदलून दुपारी एकची द्यावी असा अर्ज मी केला आहे, आणि तेथवर मी चालत जाणार आहे.