घरचा डीएनएस आणि सासूची नजर

मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण लगेच नाक मुरडू नका. भांडण तांत्रिक नाहीये.

आमच्या नात्यागोत्यात हल्ली एक टूम निघाली आहे. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचं आणि घरापुरता स्वतःचा डीएनएस आणि डीएचसीपी चालवायचा. टूम चांगलीच आहे. रसायनीला आमच्या घरीही हे चालतं. पण एका भाच्याने त्याचं कारण काय सांगावं? "मावशी, घरात कोण काय बघतं ते सगळं कळतं!" इथेच माझं डोकं फिरलं.

ज्यांना ही दोन नावं नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते. घरात फोन किंवा टीव्ही वायफायला जोडला की तो आधी पुकारा करतो, मला कोणी पत्ता देतं का? डीएचसीपी त्याला १९२.१६८.१.२० असा एखादा आकडा देतो, तोही ठरावीक मुदतीच्या भाड्याने. डीएनएस म्हणजे नावावरून आकडा सांगणारा. पूर्वी अमेरिकेत सगळ्या नावांची एकच यादी असायची आणि एलिझाबेथ फाइन्लर यांचं ऑफिस ती सांभाळायचं. यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस रचला.

घरी ही दोन्ही कामं डीएनएसमास्क नावाचा एकच छोटा प्रोग्राम करतो. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते-येते, आणि दर वेळी प्रिंटर नवा आकडा घेऊन बसला की छपाई बंद! आता त्याचा आकडा आणि नाव पक्कं बांधून टाकलंय. कंपनीच्या राउटरवरचा डीएचसीपी मात्र आधी बंद करावा लागतो. एका वर्गात दोन बाई हजेरी घ्यायला लागल्या तर काय होईल, तसंच ते.

आता भांडणाकडे येते. या प्रोग्रामात लॉग-क्वेरीज अशी एक ओळ आहे. मुळात ती बंद असते. चालू केली की कुठल्या आकड्याने कुठलं नाव विचारलं ते वेळेसकट लिहिलं जातं. आणि तो आकडा कुणाच्या फोनचा, हे डीएचसीपीच्या वहीत असतंच. दोन वह्या शेजारी ठेवल्या की झाली सुनेची रोजनिशी तयार! पान दिसत नाही, नुसतं नाव दिसतं, असं भाचा म्हणतो. अरे, नाव पुरतं की! नोकरीच्या साइटचं नाव, वंध्यत्वाच्या दवाखान्याचं नाव, घटस्फोटाच्या वकिलाचं नाव. आणखी काय वाचायचं राहिलं?

"कंपनीला तर तसंही दिसतं ना?" दिसतं, खरंय. डीएनएसमास्क सहसा प्रश्न पुढे कंपनीच्याच डीएनएसकडे पाठवतो, त्यामुळे घरी तो बसवला म्हणून काही लपत नाही. पण कंपनी रात्री सुनेच्या शेजारी जेवायला बसत नाही. तिला टोमणे मारत नाही.

लहान मुलांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. नको त्या साइट खुशाल बंद करा, तीही सोय यात आहे. पण मुलांना सांगून करा. वर्गात मी चिठ्ठ्या खूप पकडल्या, पण उघडून वाचल्या नाहीत. पोरं त्यामुळे बिघडली नाहीत, उलट अडचण घेऊन माझ्याकडेच यायची.

निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये याचिका केली आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आपण पेन्शनर मंडळींनी त्याचं कौतुक केलं. पण २०२३ चा विदा संरक्षण कायदा बघा, एखाद्याने घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला तो लागूच नाही. म्हणजे सासऱ्याने सुनेवर ठेवलेली नजर त्या कायद्याबाहेर! तिथे आवर घालायला आपल्याशिवाय कोणी नाही.

तेव्हा बसवणार असाल तर लॉग-क्वेरीज बंदच ठेवा. पाय-होल वापरत असाल तर त्यात प्रायव्हसीची पातळी सर्वांत वर न्या, कारण तो नोंदी ठेवतो. आणि घरातल्या मोठ्यांना सगळ्यांना ती फाईल दाखवा. आमच्याकडे सुनेने ती स्वतः उघडून पाहिली आहे, आणि पासवर्ड तिच्याकडेही आहे.